विश्लेषण : नर्सरीची घाई, पण पहिली सहाव्या वर्षीच! गोंदियातील पालकांनी वय आणि खर्चाचा हिशेब कसा मांडावा?

विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. नर्सरीच्या प्रवेशाचे फलक मात्र त्याच्या कितीतरी आधी लागलेले असतात. गोंदिया शहराबरोबरच तिरोडा, आमगाव, देवरी, अर्जुनी मोरगाव अशा तालुक्याच्या ठिकाणीही प्ले ग्रुप, नर्सरी, केजी वन, केजी टू हे शब्द आता आजी-आजोबांनाही पाठ झाले आहेत. शेजारच्या घरातले मूल व्हॅनमध्ये बसून जाऊ लागले, की आपले मूल मागे पडणार अशी धाकधूक अडीच वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांना लागते. या धाकधुकीची किंमत रुपयांत मोजता येते. कारण नर्सरीत कितीही लवकर घातले, तरी पहिलीचा प्रवेश वयाच्या नियमानेच होतो. लवकर सुरुवात म्हणजे बहुतेक वेळा एका वर्षाची जादा फी.

वयाचा नियम काय सांगतो?

राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने १८ सप्टेंबर २०२० रोजी शासन निर्णय काढून प्रवेशाच्या वयासाठी ३१ डिसेंबर हा ‘मानीव दिनांक’ ठरवला. त्याआधी ही तारीख ३० सप्टेंबर होती. ज्या वर्षी जूनमध्ये प्रवेश घ्यायचा, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला प्ले ग्रुप किंवा नर्सरीसाठी ३ वर्षे आणि पहिलीसाठी ६ वर्षे पूर्ण झाली पाहिजेत. ज्युनिअर केजीला ४ आणि सिनिअर केजीला ५ वर्षे, हे त्यातूनच येते. शिक्षण विभाग आरटीई प्रवेशांसाठी कमाल वयही कळवतो. नर्सरीसाठी ते ४ वर्षे ५ महिने ३० दिवस आणि पहिलीसाठी ७ वर्षे ५ महिने ३० दिवस असे आहे.

शासकीय भाषेत प्ले ग्रुप आणि नर्सरी हे एकच आहे. त्याला ‘पहिलीपूर्वीचा तिसरा वर्ग’ म्हटले जाते. म्हणजे सरकारच्या हिशेबात पहिलीआधी तीनच वर्ग आहेत : नर्सरी, ज्युनिअर केजी, सिनिअर केजी. प्ले ग्रुप आणि नर्सरी अशी दोन वेगळी वर्षे लावून चार वर्षांची रांग करणे हा खासगी शाळांचा शोध आहे. या चौथ्या वर्षाला वयाच्या नियमात जागाच नाही.

हे २०२६-२७ च्या सत्राला लावून पाहू. नर्सरीसाठी मुलाचा जन्म १ जुलै २०२२ ते ३१ डिसेंबर २०२३ या काळातला हवा. पहिलीसाठी १ जुलै २०१९ ते ३१ डिसेंबर २०२० या काळातला.

दोन आठवड्यांचे अंतर, एका वर्षाचा फरक

समजा एका मुलीचा जन्म २८ डिसेंबर २०२३ चा आहे आणि तिच्या चुलतभावाचा १० जानेवारी २०२४ चा. दोघांत जेमतेम दोन आठवड्यांचे अंतर. मुलीला जून २०२६ मध्ये नर्सरी मिळेल आणि जून २०२९ मध्ये पहिली. चुलतभावाला नर्सरी जून २०२७ मध्ये आणि पहिली जून २०३० मध्ये. घरात दोघे एकत्र वाढतात, म्हणून मुलालाही २०२६ मध्येच कुठेतरी बसवून टाकू, असा विचार होतो. बहुतेक ठिकाणी नाही म्हणणारे कोणी नसते. पण तीन वर्षांनी, सिनिअर केजी संपल्यावर, पहिलीच्या वेळी जन्मतारीख आडवी येते. मग एखादा वर्ग पुन्हा करावा लागतो. मुलाच्या लेखी तो नापास झाल्यासारखा अनुभव, पालकांच्या लेखी आणखी एक वर्षाची फी.

दुसरी बाजूही आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. २८ डिसेंबरची मुलगी पहिलीत बसेल तेव्हा ती साडेपाच वर्षांची असेल. नियमाने ते चालते, पण नियम तिला त्याच वर्षी बसवण्याची सक्ती करत नाही. किमान आणि कमाल वयाच्या मधली खिडकी दीड वर्षाची आहे. त्यामुळे जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांच्या पालकांना दोन वर्षांतून एक वर्ष निवडता येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये जन्मलेले मूल २०२६ मध्येही नर्सरीत जाऊ शकते आणि २०२७ मध्येही. जानेवारी ते जूनमध्ये जन्मलेल्यांना ही निवड नाही. मूल नुकतेच बोलू लागले असेल, शी-शू सांगत नसेल, आईपासून तासभरही दूर राहत नसेल, तर एक वर्ष थांबण्यात तोटा काहीच नाही.

केंद्राची भूमिकाही थांबण्याच्या बाजूने झुकलेली आहे. २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा धरला आहे. त्यात तीन वर्षे पूर्वप्राथमिकची आणि दोन वर्षे पहिली-दुसरीची. पहिलीला सहा वर्षे पूर्ण असावीत, असे केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यांना पुन्हा कळवले. केंद्रीय विद्यालयांत तर ३१ मार्चलाच सहा वर्षे पूर्ण लागतात. रेल्वे, बँक किंवा निमलष्करी दलातली बदलीची नोकरी असेल, तर महाराष्ट्राच्या ३१ डिसेंबरच्या हिशेबाने पहिलीत बसलेले मूल दुसऱ्या राज्यात किंवा केंद्रीय विद्यालयात अडचणीत येऊ शकते. गोंदियासारख्या मोठ्या रेल्वे जंक्शनच्या आणि दोन राज्यांच्या सीमेवरच्या जिल्ह्यात ही शक्यता दूरची नाही.

देशभरात वारे याच दिशेने वाहत आहे. ग्रामीण भागातील मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालानुसार पहिलीत पाच किंवा त्याहून कमी वयाची मुले २०१८ मध्ये २५.६ टक्के होती. २०२४ मध्ये हे प्रमाण १६.७ टक्क्यांवर आले. गुजरात उच्च न्यायालयाने तर २०२३ मध्ये, पहिलीच्या वयाच्या वादात, तीन वर्षांखालील मुलांना पूर्वप्राथमिक शाळेत जबरदस्तीने पाठवणाऱ्या पालकांनाच खडे बोल सुनावले होते.

गल्लीतली अंगणवाडी का आठवत नाही?

नर्सरीची चर्चा घरात सुरू होते तेव्हा हाकेच्या अंतरावर एक पूर्वप्राथमिक केंद्र आधीच असते. फी नाही, प्रवेश अर्ज नाही, मुलाखत नाही. साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीमागे, आदिवासी भागात ३०० पासून पुढे, एक अंगणवाडी हा निकष आहे. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील दूरच्या टोल्यांवर तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीशिवाय दुसरे काही नाहीच.

‘अंगणवाडी’ हे नाव मराठी मातीतले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे दिसल्यावर त्या आणि अनुताई वाघ बालवाडीच वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा हे नाव देशभर गेले. त्या ३३ मध्ये विदर्भातील धारणी होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये या योजनेला ५० वर्षे झाली.

मग पालक तिथे का पाठवत नाहीत? खरे तर पाठवतात. ‘असर २०२४’ नुसार देशाच्या ग्रामीण भागात तीन वर्षांची ७७.४ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या पूर्वप्राथमिक केंद्रात जातात आणि महाराष्ट्र हे प्रमाण जवळपास पूर्णत्वाला गेलेल्या राज्यांपैकी आहे. त्यात मोठा वाटा अंगणवाडीचा. गळती नंतर सुरू होते. चार-पाच वर्षांचे झाले, की ऐपत असलेले घर मुलाला तिथून काढून ‘कॉन्व्हेंट’मध्ये घालते. पूर्व विदर्भात कोणत्याही इंग्रजी शाळेला सर्रास कॉन्व्हेंटच म्हणतात. मागे राहतात ती परवडत नसलेल्यांची मुले, आणि मग अंगणवाडी म्हणजे गरिबांची खिचडी हा शिक्का आणखी घट्ट होतो.

शिक्का पूर्णपणे खोटाही नाही, आणि त्याचे कारण सेविकेच्या दिवसात आहे. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषण शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा एका सेविकेने व एका मदतनीसाने द्यायच्या असतात. त्यावर पोषण ट्रॅकर ॲपमधील नोंदी. वजन-उंची घ्यायची, गरोदर मातांच्या गृहभेटी करायच्या, लाभार्थ्यांचे चेहरे मोबाइलमध्ये टिपायचे. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरण्याचे कामही याच सेविकांकडे आले. या सगळ्यातून ‘शिकवणे’ उरलेल्या वेळात होते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी राज्याचा ‘आकार’ हा अभ्यासक्रम आहे, केंद्राचा ‘आधारशिला’ आहे, २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रमही आला. कागदावर काहीच कमी नाही. कमी आहेत ती मिनिटे.

मिनिटे वाढवली तर काय होते, याचे उत्तर तमिळनाडूत मिळाले आहे. तिथे ६४० अंगणवाड्यांचा अभ्यास झाला. निवडलेल्या केंद्रांत एक अर्धवेळ कार्यकर्ती जादा दिली गेली. पूर्वशालेय शिक्षणाचा वेळ दुप्पट झाला, दीड वर्षात मुलांची भाषा आणि गणित स्पष्टपणे सुधारले आणि कुपोषणही घटले. इमारत तीच, खेळणी तीच, माणूस एक वाढले. गोंदिया जिल्हा परिषदेच्या अंगणवाड्यांबद्दल ग्रामसभेत बोलायचे असेल, तर रंगरंगोटीपेक्षा हा मुद्दा धरण्यासारखा आहे.

पैशांचे बोलायचे तर अंगणवाडीतल्या सहा वर्षांखालील मुलाच्या आहारासाठी दिवसाला ८ रुपयांचा दर २०१७ मध्ये ठरला. वर्षाचे ३०० दिवस धरले तर २,४०० रुपये. आठ रुपयांत आज चौकातल्या टपरीवर एक चहा येत नाही.

खर्च किती? धानाच्या भावात मोजू

केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२५ मध्ये शिक्षणावरील कौटुंबिक खर्चाची देशव्यापी पाहणी केली. पूर्वप्राथमिकपासून बारावीपर्यंतच्या सर्व विद्यार्थ्यांची सरासरी काढली, तर सरकारी शाळेतील एका मुलामागे घराचा वर्षाचा खर्च २,८६३ रुपये आणि खासगीत २५,००२ रुपये निघाला. जवळपास नऊपट. हे आकडे शहरी-ग्रामीण, लहान-मोठे वर्ग मिळून आहेत. त्यामुळे नर्सरीची फी म्हणून ते वाचू नयेत, पण मोजपट्टी म्हणून चालतील.

गोंदिया हा धानाचा जिल्हा आहे. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. म्हणजे खासगीतले एक मूल वर्षाला साडेदहा क्विंटल धान खाते, सरकारीतले सव्वा क्विंटल. यात बियाणे, खत, रोवणी-कापणीची मजुरी धरलेली नाही. रोजगार हमीवर जाणाऱ्या घराने ३१२ रुपये रोजाने मोजले तर २५,००२ रुपयांसाठी ८० दिवसांची मजुरी लागते. हमी १०० दिवसांची होती.

फलकावरची मासिक फी आणि वर्षाचा खरा खर्च यांत बरेच अंतर असते. एक नमुना हिशेब पाहू. आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी घेतले आहेत. महिना १,००० रुपये फी, बारा महिन्यांची. उन्हाळ्याच्या सुटीतलीही बहुधा धरली जाते, म्हणून १२,०००. प्रवेश शुल्क ३,०००. पुस्तके, गणवेश, बूट, दप्तर मिळून ३,५००. व्हॅनचे महिना ७०० प्रमाणे दहा महिन्यांचे ७,०००. बेरीज २५,५०० रुपये. म्हणजे ‘हजार रुपये महिना’ हे प्रत्यक्षात २,१२५ रुपये महिना पडले. स्नेहसंमेलनाचा पोशाख, सहल, वाढदिवसाची चॉकलेटे यात नाहीत. प्रवेश घेण्याआधी मासिक फी न विचारता ‘जून ते मे, सगळे मिळून किती?’ असा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी मागावे. प्रवेश शुल्क एकदाच आहे की नर्सरीतून केजीत जाताना पुन्हा घेतले जाते, हेही त्याच वेळी विचारलेले बरे.

दप्तराबद्दल एक गोष्ट. केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार पूर्वप्राथमिकच्या मुलांना दप्तरच असू नये. डबा आणि पाण्याची बाटली पुरते. गणवेश किंवा वह्या ठरावीक दुकानातूनच घ्या, अशी सक्ती करता येत नाही, हे शिक्षण विभागाने वेळोवेळी बजावले आहे. वह्या, पेन्सिली, खोडरबर यांच्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे आणि पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या शुल्कावर तो आधीपासूनच नाही. पगारदार पालक जुन्या करप्रणालीत असतील तर नर्सरीचे शिकवणी शुल्कही, दोन मुलांपर्यंत, ८०सीच्या दीड लाखाच्या मर्यादेत दाखवता येते. देणगी आणि विकास निधी त्यात चालत नाही. वर्षानुवर्षे विवरणपत्र भरणाऱ्या अनेकांना हे माहीत नसते. त्यासाठी पक्की पावती लागते, आणि पावती मागितली की काही ठिकाणी ‘डोनेशन’ आपोआप कमी होते, हा आणखी एक फायदा.

फीवर नियंत्रण कोणाचे?

शाळेला जोडलेल्या केजीसाठी उत्तर आहे. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ नुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे शुल्काचा प्रस्ताव ठेवावा लागतो आणि मंजूर शुल्क दोन वर्षांसाठी असते. कॅपिटेशन फी घेण्यास राज्यात १९८७ च्या कायद्यानेच बंदी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार अशी फी घेतल्यास तिच्या दहापट दंड होऊ शकतो. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत, चाचणी घेतल्यास पहिल्या वेळी २५ हजार आणि त्यानंतर दर वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे.

अडचण आहे ती भाड्याच्या दोन-तीन खोल्यांत चालणाऱ्या स्वतंत्र प्ले स्कूलची. वर्षानुवर्षे त्यांची नोंदच शिक्षण विभागाकडे नव्हती. दुकान परवान्यावर किंवा संस्थेच्या नोंदणीवर ती चालत आली. तिथे पालक-शिक्षक संघ बहुधा नसतोच, मग शुल्क मंजूर करणार कोण? ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या घटनेनंतर लहान मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला. शाळांत सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी यांचे आदेश निघाले. २०२५ मध्ये शालेय शिक्षण विभागाने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना स्वतंत्र पोर्टलवर नोंदणी करण्यास सांगितले. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे आणि दर्जाची हमी तर नव्हेच. तरीही ‘पोर्टलवर नोंद केली आहे का?’ या प्रश्नावर समोरची व्यक्ती कशी उत्तर देते, त्यावरून बरेच कळते.

आरटीईतून नर्सरी मिळते का?

खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. अल्पसंख्याक संस्थांना हा नियम नाही. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग बालकांना उत्पन्नाची अट नाही. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीने. शाळेचा प्रवेश स्तर कुठला, नर्सरी की पहिली, हे पोर्टलवरच्या यादीत शाळेच्या नावापुढे दिसते. अर्ज भरण्याआधी ते पाहिले नाही तर चुकीच्या वयोगटात अर्ज जातो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने, सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी शाळांना यातून वगळणारा बदल केला होता. गावोगावी जिल्हा परिषदेची शाळा असल्याने गोंदियासारख्या जिल्ह्यात आरटीईचा अर्थच संपला असता. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला.

एक गैरसमज मात्र पालकांना महागात पडतो. ‘याच शाळेत नर्सरी-केजी पैसे भरून करू, म्हणजे पहिलीला आरटीईतून नंबर लागेल’, असे अनेकांना वाटते. तसे कोणतेही प्राधान्य नाही. सोडतीत नाव आले तरच जागा. तीन वर्षे फी भरून चौथ्या वर्षी पूर्ण फीची पहिली समोर येते, तेव्हा मुलाचे मित्र, व्हॅन, गणवेश सगळे तिथेच रुळलेले असते आणि काढून घेणे जिवावर येते.

आत जाऊन काय पाहावे?

भिंतीवरचे कार्टून आणि दारातली घसरगुंडी सगळीकडे असते. २०१३ च्या राष्ट्रीय बाल्यावस्था संगोपन व शिक्षण धोरणासोबतच्या निकषांनुसार तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे एक मोठी व्यक्ती हवी, तीन वर्षांखालील १० मुलांमागे एक. ३० मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली, म्हणजे साधारण पावणेचारशे चौरस फूट, आणि तेवढ्याच मुलांसाठी ३० चौरस मीटर मोकळी जागा. दिवसाला तीन ते चार तास पुरेसे. प्रवेशाच्या दिवशी नव्हे, एखाद्या साध्या मंगळवारी अकरा वाजता जाऊन मुले मोजावीत. एनसीईआरटीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या वयात तोंडी किंवा लेखी, कोणतीच परीक्षा घ्यायची नसते. तीन वर्षांच्या मुलाला रोज दोन पाने एबीसीडी गिरवायला देणारी शाळा ‘कडक’ म्हणून नावाजली जाते. प्रत्यक्षात ती बोटांचे स्नायू तयार होण्याआधीच पेन्सिल हातात देत असते.

भाषेचा प्रश्न गोंदियात वेगळा आहे. घरात पोवारी, गोंडी, झाडीबोली, छत्तीसगढी किंवा हिंदी, बाजारात हिंदी, जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी आणि केजीत इंग्रजी. तीन वर्षांच्या मुलाला पाणी मागण्यासाठी चौथी भाषा शिकावी लागते. पहिले काही महिने ते गप्प बसते आणि घरी ‘शाळेत बोलतच नाही’ अशी तक्रार येते. बाईंना मुलाची घरची बोली कळते का, हा प्रश्न म्हणूनच फीइतकाच महत्त्वाचा. यात गावातलीच असलेली अंगणवाडी सेविका कोणत्याही कॉन्व्हेंटपेक्षा पुढे असते.

वेळेचेही तसेच. जुलैत रोवणी सुरू झाली, की घरातल्या बाया सकाळीच बांध्यांत जातात. त्या दिवसांत मुलाला तीन-चार तास सुरक्षित ठेवणारी आणि गरम जेवण देणारी जागा ही शिक्षणाइतकीच मोठी गरज असते. अकराला सुटणारी आणि व्हॅनने घराच्या कुलपापुढे सोडणारी नर्सरी ती भागवत नाही. अनेक घरे यातून आपापला मार्ग काढतात : साडेतीन-चार वर्षांपर्यंत अंगणवाडी, मग ज्युनिअर केजी. पहिलीच्या वयाला यात कुठेच धक्का लागत नाही आणि नर्सरीच्या वर्षाची फी वाचते. मात्र ज्युनिअर केजीला थेट प्रवेश देतात का, हे हव्या त्या शाळेत वर्षभर आधी विचारून ठेवावे लागते. काही ठिकाणी जागा नर्सरीतच भरतात.

जन्म दाखला आत्ताच काढा

यंदा कागदपत्रांत एक बदल लक्षात ठेवायला हवा. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशात जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच ग्राह्य आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ मध्ये जन्मलेली मुले जून २०२६ च्या नर्सरीला पात्र होतात, म्हणजे या नियमाखाली येणारी ही पहिलीच तुकडी. त्याआधी जन्मलेल्यांना इतर पुरावे चालू शकतात आणि पहिलीचा प्रवेश वयाचा दाखला नाही म्हणून नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ सांगते. आधार कार्ड नाही म्हणूनही शाळेत प्रवेश अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालात स्पष्ट केले आहे.

दाखला जिथे जन्म झाला तिथूनच मिळतो. गोंदियात हा मुद्दा साधा नाही, कारण पहिले बाळंतपण माहेरी होते आणि अनेक सुनांचे माहेर बालाघाट किंवा राजनांदगावकडचे असते. अशा मुलाचा दाखला मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडमधल्या नोंदणी कार्यालयाचा असेल. तो इथल्या शाळेत चालतो, पण दुरुस्ती करायची झाली तर तिकडेच जावे लागते. आईचे माहेरचे आणि सासरचे नाव, वडिलांच्या नावाचे स्पेलिंग, आडनावाची हिंदी-मराठी लिखावट यांतल्या चुका प्रवेशाच्या आठवड्यात सुधारत नाहीत.

रुग्णालयातून निघताना बाळाचे बारसे झालेले नसते. त्यामुळे अनेक दाखल्यांवर नावाची जागा कोरी असते. नोंदणीपासून बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. कपाटातला दाखला एकदा उघडून त्यावर मुलाचे नाव आहे का, हे उन्हाळ्याआधीच पाहून घ्यावे.